इच्छा नसताना भावाला व्यसनमुक्ती केंद्रात भरती करणे: कायद्यात काय बसते आणि त्याच्या हिताचे काय?

थोरली_बहीण_सोलापूर

माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर कामाला होता. पूर्वी सुटीच्या दिवशी पिणाऱ्या या मुलाचे हात आता सकाळी शिंदी किंवा देशी पोटात गेल्याशिवाय स्थिर राहत नाहीत. काम सुटले, दुकानांतली उधारी वाढली, आणि भावजय विड्या वळून दोन मुलांचे शिक्षण आणि घरभाडे कसेबसे भागवते. दारू चढल्यावर तो तिच्यावर हात उगारतो. उतरल्यावर मात्र मुलांना जवळ घेऊन रडतो आणि ‘मला कुठेही नेऊ नका, मी स्वतःच सोडतो’ असे सांगतो. हे अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही, कारण एका वर्षी आषाढीला पंढरपूरहून माळ घालून आल्यावर त्याने कार्तिकीपर्यंत थेंबही घेतला नव्हता.

आता एका ओळखीच्या गृहस्थांनी जिल्ह्याबाहेरच्या एका केंद्राचा क्रमांक दिला आहे. तिथल्या माणसाने फोनवर सांगितले की तुम्ही फक्त पत्ता आणि फोटो पाठवा, आमची माणसे पहाटे गाडी घेऊन येतील आणि त्याला उचलून नेतील. कागदावर घरच्यांपैकी कोणाचीही सही चालते, तीन महिने भेट नाही, फोन नाही, आणि पैसे आगाऊ द्यावे लागतील. आई म्हणते, हातपाय बांधून न्या, पण न्या, नाहीतर मला त्याचे मरण पाहावे लागेल. भावजयीला भीती वाटते की परत आल्यावर तो सगळा राग तिच्यावर काढेल.

माझ्या मनाला हा मार्ग पटत नाही, आणि काहीच न करता बसणेही पटत नाही. त्याची इच्छा नसताना त्याला उपचारासाठी ठेवता येते का, आणि येत असेल तर ते कोणत्या मार्गाने? सक्तीने दिलेल्या उपचाराचा उपयोग होतो का? कायद्याची किंवा वैद्यकीय माहिती असणाऱ्यांनी, तसेच ज्यांच्या घरात हे घडले आहे त्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.

वकील_जिल्हा_न्यायालय

ताई, फोनवर जे सांगितले गेले त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट कायद्याला सोडून आहे, त्यामुळे पैसे आणि फोटो देण्याचे आधी थांबवा.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे व्यसनाच्या रुग्णाला दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्राला या कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि रुग्णाला तिथे ठेवण्याचे नियमही याच कायद्याचे लागतात. नातेवाइकाने सही केली म्हणून सज्ञान माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. असे कोंडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि सही करणाराही त्यात ओढला जाऊ शकतो.

तरीही इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट कायद्याने पूर्ण बंद केलेली नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ८९ नुसार रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (म्हणजे त्याने स्वतः नेमलेल्या, किंवा नेमला नसल्यास कायद्यानुसार ठरणाऱ्या प्रतिनिधीने) अर्ज केल्यावर, दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत, दोन व्यावसायिकांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यवसायी चालतो. रुग्णाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली आहे किंवा तसा प्रयत्न केला आहे, किंवा तो दुसऱ्याशी हिंसक वागला आहे, किंवा दुसऱ्याला इजेची भीती वाटावी असे वागला आहे, किंवा स्वतःची काळजी घेण्यास इतका असमर्थ झाला आहे की त्याच्या जिवाला धोका आहे, यांपैकी काहीतरी त्या दोघांनाही स्वतंत्रपणे आढळावे लागते. याखेरीज कमी बंधनाचा दुसरा उपाय पुरेसा नाही आणि स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्यास तो त्या वेळी सक्षम नाही, असेही ठरावे लागते. या शेवटच्या अटीकडे बहुतेक कुटुंबांचे लक्ष नसते. माणूस दारू पितो, घर बुडवतो, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता गेली असे कायदा मानत नाही. उतरल्यावर त्याला माहिती समजत असेल, परिणाम उमगत असतील आणि तो आपला निर्णय सांगू शकत असेल, तर त्याचा नकार हा नकारच असतो.

असा प्रवेश जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो. आस्थापनेने सात दिवसांच्या आत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांच्या आत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे असते. निर्णयक्षमता परत आली आहे का, हे दर सात दिवसांनी तपासायचे असते. रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. ३० दिवसांपुढे ठेवायचे असेल तर कलम ९० ची वेगळी, अधिक कडक प्रक्रिया आहे आणि तिला मंडळाची परवानगी लागते. भेटी आणि दूरध्वनी हा रुग्णाचा हक्क कलम २६ मध्ये आहे, आणि कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास कलम ९५ मध्ये मनाई आहे. ‘तीन महिने भेट नाही, फोन नाही’ असे जो माणूस पहिल्याच संभाषणात सांगतो, त्याने केंद्राच्या नोंदणीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला न विचारताच दिले आहे, असे मी समजेन.

पूर्वी_पिणारा

मला पहाटेच उचलून नेले होते. केंद्राचे आणि गावाचे नाव लिहीत नाही.

झोपेत तोंडावर टॉवेल टाकून गाडीत घातले. गल्लीतले लोक दारात उभे राहून पाहत होते आणि माझा मुलगाही पाहत होता. तिथे डॉक्टर नव्हता. पहिल्या रात्री माझे अंग थरथर कापत होते, दुसऱ्या दिवशी फिट आली, तेव्हा तिथल्या जुन्या रुग्णांनी हातपाय धरून ठेवले आणि तोंडात चमचा कोंबला. पहाटे उठून झाडलोट, मग प्रार्थना, मग दिवसभर रिकामे बसणे, आणि प्रश्न विचारला की मार, असा तिथला दिनक्रम होता. त्या जागी मी एकच गोष्ट शिकलो: बाहेर पडण्यासाठी कोणती वाक्ये बोलायची असतात ती. ती बोललो, सुटलो आणि बसस्थानकाजवळच प्यायलो. त्यानंतर कोणी ‘उपचार’ म्हटले की मी घर सोडून दोन-दोन दिवस बाहेर राहायचो, म्हणजे खऱ्या उपचारांपर्यंत पोहोचायला मला जो उशीर झाला त्याचे मोठे कारण हे उचलणेच होते.

नंतर मी गेलो तो सरकारी रुग्णालयात, आणि स्वतःहून गेलो. स्वतःहून म्हणजे आनंदाने नव्हे. पोटात पाणी झाले होते, बायको माहेरी गेली होती आणि माझ्या भावाने स्पष्ट सांगितले होते की उधारीचा एक रुपयाही तो यापुढे फेडणार नाही, पण दवाखान्यात यायचे असेल तर रात्री दोन वाजताही येईल. हा दबावच होता आणि तो मला जाणवत होता. फरक इतकाच की दार उघडे होते आणि त्यातून चालत जाणारा मी होतो. ताई, तुमच्या भावाने माळ घालून चार महिने काढले आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या माणसाला चार महिने स्वतःच्या शब्दावर राहता आले, त्याला पोत्यासारखे उचलून नेले तर त्याच्या हातात उरलेले तेवढेच बळही तुम्ही काढून घ्याल.

विजापूर_वेस_निवासी

वरच्या दादांवर जे गुदरले ते वाचून फार वाईट वाटले, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण अशा चर्चांमध्ये बायकांना नेहमी थांबायलाच सांगितले जाते.

माझ्या नवऱ्याची इच्छा नव्हती. त्याला गच्चीच्या कठड्यावरून खाली ओढून आणले त्या रात्री आम्ही त्याला रुग्णालयात नेले, डॉक्टरांनी तपासले, मी अर्जावर सही केली आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला दाखल करून घेतले गेले. पहिले काही दिवस तो मला शिव्या देत होता. नंतर डोके जाग्यावर आल्यावर तो पुढचे उपचार घ्यायला स्वतः तयार झाला. अधूनमधून घसरला, पुन्हा गेला, आणि आज तो कामावर जातो. त्या रात्री मी त्याच्या इच्छेची वाट पाहिली असती तर पाहायला इच्छा असणारा माणूसच उरला नसता.

‘त्याला मनापासून वाटू दे’ हे वाक्य मला सहन होत नाही. दारूने ज्याचे मनच ताब्यात घेतले आहे त्याला कुठल्या मनापासून वाटणार? आणि त्याला वाटेपर्यंत मार कोणी खायचा? भावजयीचा जीव आणि मुलांची झोप यांचाही विचार व्हावा. वकीलसाहेबांनी सांगितलेली वाट अवघड आहे, पण ती आहे, आणि वेळ आली तर ती वापरताना ताईंनी अपराधी वाटून घेऊ नये, एवढेच मला सांगायचे आहे.

मनोविकारतज्ज्ञ

वरील दोन्ही अनुभवांत मला विरोध दिसत नाही. एका ठिकाणी जिवाला तातडीचा धोका होता, वैद्यकीय तपासणी झाली, मुदत ठरलेली होती आणि क्षमता परत येताच निर्णय रुग्णाकडे परत गेला. दुसऱ्या ठिकाणी यांपैकी काहीही नव्हते.

आधी सर्वांत तातडीची गोष्ट सांगतो. सकाळी दारू घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात त्याच्या शरीराला दारूची सवय जडलेली आहे, आणि अशा माणसाची दारू घरी कोंडून किंवा डॉक्टर नसलेल्या केंद्रात एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते आठ तासांत थरथर, घाम आणि मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, स्थळकाळाचे भान जाते, ताप चढतो. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे देऊन आणि ती हळूहळू कमी करून हा काळ सुरक्षितपणे पार करता येतो. थायमिन हे जीवनसत्त्वही द्यावे लागते, आणि ते ग्लुकोजच्या बाटलीच्या आधी द्यावे लागते, अन्यथा मेंदूला कायमची इजा होण्याची शक्यता असते. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा किंवा दुसरे काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे.

तुम्ही शिंदीचा उल्लेख केला आहे. भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलम मिसळलेले असू शकते, आणि अशी शिंदी अचानक थांबवल्यावर होणारा त्रास निव्वळ दारूच्या त्रासापेक्षा वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रीतीने उद्भवू शकतो. म्हणून तो काय पितो, किती पितो आणि कुठली पितो, हे न लाजता डॉक्टरांना सांगा. माळ घातली होती तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत थरथर किंवा फिट आली होती का, हेही आठवून लिहून ठेवा. त्यावरून मला पुष्कळ कळते.

जेवणातून नकळत ‘दारू सोडवायची गोळी’ देण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब कोसळणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. रुग्णाला माहिती देऊन आणि त्याच्या संमतीनेच हे औषध द्यायचे असते.

आता सक्तीच्या उपयोगाविषयी. सक्तीच्या उपचारांवरील अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ अभ्यास होते: तिघांत फरक आढळला नाही, दोघांचे निष्कर्ष संदिग्ध होते, दोघांत तोटा आणि दोघांत फायदा दिसला. हे अभ्यास परदेशांतील आणि मुख्यतः अमली पदार्थांच्या संदर्भातील आहेत, त्यामुळे सोलापुरातल्या एका घराला ते जसेच्या तसे लावू नयेत. परंतु ‘आत ठेवले की सुटते’ या समजुतीला त्यांतून आधार मिळत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी मार्च २०१२ मध्ये एकत्र निवेदन काढून सक्तीची स्थानबद्ध व्यसनमुक्ती केंद्रे बंद करण्याचे आवाहन सर्व देशांना केले होते. असे असूनही आपल्याकडील कुटुंबे उचलून नेणाऱ्यांकडे का वळतात, तेही मला समजते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपात उपचार मिळतात. ज्या घराला दुसरा कोणताच दरवाजा कोणी दाखवलेला नसतो, त्या घराला पहाटेची गाडी हाच दरवाजा वाटतो.

नकार देणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याचा एक अभ्यासलेला मार्ग आहे आणि तो कुटुंबापासून सुरू होतो. अमेरिकेत १९९९ साली विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या नातेवाइकांना तीन पद्धतींत विभागले. नातेवाइकांना घरातील वागणुकीचे पद्धतशीर प्रशिक्षण दिलेल्या गटात ६४ टक्के रुग्ण उपचारांना आले, तर सर्वांनी मिळून रुग्णाला एकदम सामोरे जाण्याच्या पद्धतीत ३० टक्के आले. तिसरा गट अल-अॅनॉन या मद्यपींच्या कुटुंबीयांच्या स्वमदत गटाच्या धर्तीवरचा होता, त्यात १३ टक्के आले. मात्र अल-अॅनॉनचा हेतू रुग्णाला उपचारांना आणणे हा नसून कुटुंबीयांना स्वतःला सावरणे हा आहे, हे लक्षात घ्यावे. प्रशिक्षणाचा गाभा असा की प्यालेला असताना वाद घालायचा नाही, न प्यायलेल्या वेळी त्याच्याशी प्रेमाने आणि थोडक्यात बोलायचे, त्याची उधारी फेडून किंवा मालकाकडे खोटे कारण सांगून परिणाम झाकायचे नाहीत, हिंसा झाल्यास कुठे जायचे ते आधी ठरवून ठेवायचे, आणि त्याच्या तोंडून ‘आता पुरे’ असे निघाले की त्याच दिवशी नेता येईल अशी सोय तयार ठेवायची. तुमचा भाऊ उतरल्यावर रडतो आणि ‘मी स्वतःच सोडतो’ म्हणतो, ती वेळ वाया घालवू नका. ‘तू सोडतोस हे खरे आहे, पण थरथर आणि फिट येऊ नये म्हणून पहिले काही दिवस डॉक्टर जवळ असू देत’ असे सांगून पाहा. पुष्कळ जण उपचाराला नकार देत नसतात, त्यांचा नकार कोंडले जाण्याला असतो.

आपल्या शहरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये, मनोविकार विभाग आहे. रुग्ण आला नाही तरी तुम्ही आणि भावजय बाह्यरुग्ण विभागात जाऊन बोलू शकता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे क्रमांक विनामूल्य आहेत.

थोरली_बहीण_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फोटो पाठवणार नाही, हे मी आणि भावजयीने आज ठरवले आहे, आणि आईलाही फिट येण्याच्या धोक्याविषयी सांगितल्यावर ती गप्प राहिली. उद्या आम्ही दोघी सिव्हिलमध्ये जाऊन येणार आहोत. फक्त एक शंका राहते. आमची ही तयारी होण्याआधीच एखाद्या रात्री तो हिंसक झाला आणि दवाखान्यात यायला नकार देत असला, तर त्याला नेणार कोण? पोलिसांना बोलावले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊन त्याची नोकरीची उरलीसुरली आशाही जाईल, अशी भावजयीला भीती आहे.

वकील_जिल्हा_न्यायालय

अशा वेळी भावजयीने मुलांसह आधी सुरक्षित जागी जावे आणि ११२ वर फोन करावा. फोनवर आणि आलेल्या पोलिसांनाही ‘दारूच्या आजारामुळे जिवाला धोका आहे, रुग्णालयात न्यायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १०० नुसार पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अशा व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही, आणि २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. केवळ या कलमाखाली नेल्याने त्याच्यावर गुन्हा नोंदला जात नाही.

फिट, भास, बेशुद्धी किंवा आत्महत्येचा प्रयत्न असेल तर पोलिसांची वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर अशा प्रसंगी ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि रुग्णाला मानसिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हाही त्या उपचारांचाच भाग मानलेला आहे.

भावजयीच्या संरक्षणासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो आणि तो मागण्यासाठी नवऱ्याला तुरुंगात पाठवावे लागत नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते.

त्याने स्वतः कोणाला प्रतिनिधी नेमलेले नसेल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १४ नुसार नातेवाईक प्रतिनिधी होऊ शकतो, आणि सख्खी बहीण त्यात येते. कलम ८९ चा अर्ज करण्याची वेळ आलीच तर तो भावजयीऐवजी तुम्ही तुमच्या नावाने करा, म्हणजे सही कोणाची यावरून घरी आल्यावर तिला त्रास होणार नाही. उद्या जाताना त्याच्या आणि तुमच्या आधार कार्डाच्या प्रती, जुने दवाखान्याचे कागद आणि हिंसेच्या प्रसंगांची तारीखवार नोंद सोबत घेऊन जा.